चष्मा चोपडीचा, काम संगणकाचे

जीएसटी विवरणपत्रांची ११ किंवा २० तारीख जवळ आली की पेढीवरचे डोळे चुरचुरू लागतात. एरवी मिनिटाला सुमारे १५ वेळा मिटणारी पापणी पडद्यासमोर निम्म्याने कमी मिटते व डोळ्यांतील ओलावा सुकतो. चाळिशी उलटलेल्यांची अडचण निराळीच. वाचनाचा चष्मा चोपडीच्या, म्हणजे १४ ते १६ इंचांच्या अंतरासाठी केलेला. संगणक मात्र दोन फुटांवर. मग हनुवटी उचलून आकडे शोधायचे आणि सायंकाळी दुखणाऱ्या मानेला दोष द्यायचा! नेत्रतज्ज्ञाकडे जाताना हे अंतर टेपने मोजून न्यावे. त्यानुसार संगणकासाठी वेगळा नंबर काढून मिळतो. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावे. समोरच्या दुकानाची पाटीही त्यासाठी पुरते.