परक्या मदतीशिवाय



मी जर्मन शिकायला घेतलं तेव्हा घरात सगळ्यांनी गृहीत धरलं की ही आता म्युनिकला चालली. तसं काही नाही. मी इथेच, लष्करमध्ये बसून जर्मन वेबसाइट तपासते. डोळ्यांनी दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा हातात माउस धरता येत नाही, अशा माणसाला ती साइट वापरता येते का, हे बघायचं. २८ जून २०२५ पासून जर्मनीत ऑनलाइन दुकानं, बँकिंग, प्रवासाची तिकिटं अशा सेवांना ही सोय कायद्याने बंधनकारक झाली. अगदी छोटे व्यवसाय तेवढे सुटले.

कायद्याचं नाव ऐका : बारियेरेफ्रायहाइट्सश्टेर्कुंग्सगेझेट्स. एका दमात म्हणून दाखवा! पोटात तीन शब्द आहेत. बारियेरेफ्रायहाइट म्हणजे अडथळे नसणं, श्टेर्कुंग म्हणजे बळकटी आणि गेझेट्स म्हणजे कायदा. आपल्याकडे यासाठी 'सुगम्यता' म्हणतात. मला 'सुलभता' जास्त आवडतं. पण ग्वाल्हेरात 'सुलभ कुठंय' विचारलं, तर लोक भलतीकडेच बोट दाखवतात.

कामाची वाक्यं त्या मानाने सोपी. 'दास बिल्ड हाट काइनेन आल्टर्नाटीफटेक्स्ट', म्हणजे चित्रासोबत त्याचं वर्णन लिहिलेलं नाही. मग पडद्यावरचं वाचून ऐकवणारा स्क्रीन रीडर तिथे काय सांगणार? दुसरं, 'डी शाल्टफ्लेखे इस्ट निष्ट बेश्रिफ्टेट', बटणाला नाव दिलेलं नाही.

हे दुसरं मला पाठ करावं लागलं नाही. मधुमेहाने आमच्या काकांची नजर गेली. त्यांच्या बँकेचं अ‍ॅप उघडलं की फोन नुसता 'बटण, बटण, बटण' म्हणतो. पैसे पाठवायचं कोणतं आणि मागे जायचं कोणतं? शेवटी पिन चुलतभावाला सांगावा लागतो. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस हा!

जर्मनीच्या २००२ च्या समानतेच्या कायद्यात बारियेरेफ्रायहाइटची व्याख्या आहे. त्यात तीन शब्द येतात : 'ओने फ्रेम्डे हिल्फे', परक्या मदतीशिवाय. मला तो 'परका' जरा खटकला. आपल्याकडे मुलगा, सून, नातू परके कधी झाले? काकांना म्हटलं, तर म्हणाले, "अगं, पिनच्या बाबतीत सगळेच परके."

कायदा आपल्याकडेही आहे, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. ३० एप्रिल २०२५ ला तर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. त्या प्रकरणात अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती होत्या. बँकेच्या ऑनलाइन ओळख तपासणीत डोळ्यांची उघडझाप करून दाखवा म्हणतात. ज्यांना ती करताच येत नाही, त्यांनी काय करायचं?

आता जरा घरचं. आपल्या मंडळाची गणेशोत्सवाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर येते. गणपती सुरेख, फुलं सुरेख, आणि सगळा मजकूर त्या चित्रातच. काकांचा फोन तिला फक्त 'फोटो' म्हणतो. यंदा तारीख, वेळ, जागा खाली टाइप करून पाठवा, असं मी चिटणीसांना सांगितलंय. ते 'बघू' म्हणाले.

तोवर काकांनी माझ्याकडून एक जर्मन वाक्य उचललंय. कुणी नुसतं चित्र पाठवलं की ते ध्वनिसंदेश टाकतात : 'वास श्टेट दा?' तिथे काय लिहिलंय? तुमच्याही फोनवर आला, तर समजून घ्या, कुणाचा आहे ते.