मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम

(द्वितीय वर्ष, कला)

"मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिले तेव्हा मी सातवीत होते. माझे अक्षर बरे म्हणून गुरुजींनी मला वर्गातून बोलावून घेतले, ऑफिसातल्या टेबलाशी बसवले आणि शाळा व्यवस्थापन समितीची वही पुढे केली. मागच्या महिन्याचे पान उघडून ठेवले होते. तारीख बदलायची, विषय क्रमांक दोनमध्ये 'शौचालय दुरुस्ती'च्या जागी 'गणवेश वाटप' घालायचे आणि शेवटी 'आभार मानून सभा संपली' असे लिहायचे. सभा संपण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती भरलीच नव्हती. संध्याकाळी सह्या घ्यायला घरोघर मीच गेले. आमची आईसुद्धा त्या समितीची सदस्य. ती भाकरी थापत होती. पिठाचा हात लुगड्याला पुसून तिने विचारले, "कुठं करायची सई?" मी बोट ठेवले. तिने सावकाश आपले नाव काढले आणि पुन्हा तव्याकडे वळली.

त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता. आज त्याची लाज वाटते, आणि म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

आमचे गाव बालाघाटाच्या डोंगरात आहे. आईवडील ऊसतोडीला जातात. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. 'शिक्षणाचा खालावलेला दर्जा' हा विषय आपल्या वक्तृत्व स्पर्धांत दरवर्षी असतो. कुणी शिक्षकाला झोडपतो, कुणी पालकाला, कुणी सरकारला. टाळ्या सर्वांनाच मिळतात. परंतु त्या वहीविषयी कुणी बोललेले मी अजून ऐकले नाही. माझ्या मते खरा प्रश्न त्या वहीत आहे.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. जिल्ह्यातल्या शाळा जिल्ह्यातल्या लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी चालवायच्या, ही कल्पना खरोखर मोठी होती. त्यासाठी शिक्षण समिती, तिचा सभापती आणि त्यांना उत्तर द्यायला शिक्षणाधिकारी. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, मग विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख आणि सर्वांत शेवटी आमचे गुरुजी. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने याच्याही खाली एक पायरी बांधली, ती शाळा व्यवस्थापन समितीची. तीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम. कायद्याच्या २२ व्या कलमाप्रमाणे शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा आणि सरकारने त्याच्या आधाराने अनुदान द्यायचे. म्हणजे कागदावर आमची आई योजनाकार आहे! आमच्या शाळेचा आराखडाही मीच लिहून काढला होता, आदल्या वर्षीचा समोर ठेवून.

वरच्या पायऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. २०२२ च्या मार्चमध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षे उलटून गेली तरी निवडणुका झाल्या नाहीत. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. त्या काळात शिक्षण समिती नव्हती, सभापती नव्हता. जाब विचारणारा आणि जाब देणारा एकच माणूस. कुणी म्हणेल, सभापती होते तेव्हा तरी काय दिवे लागले? आमच्या गावात हेच म्हणतात. पण सभापती निदान लग्नाला यायचा, तिथे त्याला पकडता तरी यायचे.

आता पैशाचे. जिल्हा परिषदेच्या शिक्षणावरील खर्चाचा मोठा वाटा पगाराचा, आणि तो राज्य सरकारकडून येतो. तिथे जिल्ह्याला फारसे ठरवायचे नसते. परिषदेचे स्वतःचे उत्पन्न थोडे. शाळेच्या हातात प्रत्यक्ष पडते ते समग्र शिक्षा योजनेतले संयुक्त अनुदान. पट तीसपर्यंत असेल तर वर्षाला १० हजार रुपये, तीसच्या वर शंभरपर्यंत २५ हजार. त्यात खडू, हजेरीपट, फुटलेला नळ, झाडू आणि विजेचे बिल. वर्षाचे बारा महिने करून पाहा. तीसच्या आतल्या शाळेला महिन्याला साडेआठशे रुपयेसुद्धा येत नाहीत. आणि हे अनुदान जूनमध्ये हातात पडेल अशी कुणाचीच अपेक्षा नसते. आमच्या गुरुजींनी स्वतःच्या खिशातून वीजबिल भरलेले मी पाहिले आहे. खोटे इतिवृत्त लिहून घेणारे गुरुजी ते हेच. माणूस वाईट नव्हता. वरून पत्र आले की सभेचा अहवाल उद्या द्यायचा असतो. सभा उद्या भरत नाही.

दुपारच्या खिचडीचाही हिशेब असतो. तांदूळ वेगळा येतो. डाळ, तेल, भाजी, मसाला आणि जळण यांसाठी प्राथमिकच्या एका मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, हा २०२५ च्या मे महिन्यापासूनचा दर. आपल्या कॅन्टीनमध्ये तेवढ्यात अर्धा कप चहासुद्धा येणार नाही.

गणवेशाची हकिकत तर सर्वांना आठवत असेल. एका मुलामागे ६०० रुपये समितीला मिळत. गावचा शिंपी माप घेई, अंगाला बसेल असा सदरा शिवी. २०२४ मध्ये ठरले की राज्यभर एकच कापड, एकाच ठिकाणी बेतलेले. बचत गटांच्या बायकांनी ते शिवायचे. शाळा जूनमध्ये सुरू झाल्या, गणवेशांना पुढे महिनोन् महिने लागले. आले तेव्हा कुणाची बाही कोपराच्या खाली, कुणाची चड्डी कमरेला राहीना. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सरकारने तो अधिकार पुन्हा समित्यांकडे दिला. त्या सहा महिन्यांत आमच्या गावात समितीची सभा पहिल्यांदा खरीखुरी भरली, असे आई सांगते. बायका कपडे हातात घेऊन आल्या होत्या. आराखडा कुणाला वाचता येत नाही. पण सदरा आखूड आहे हे सर्वांना दिसते.

वाचता येणे हाच सदऱ्यासारखा डोळ्यांना दिसला असता तर?

माझा धाकटा भाऊ पाचवीत आहे. त्याची पहिली करोनात गेली. खेड्यांतल्या पहिली ते चौथीच्या शाळा १ डिसेंबर २०२१ रोजी उघडल्या, तेव्हा तो आईवडिलांबरोबर फडावर होता. पुढचे दोन हंगामही तो तिकडेच. प्रथम संस्थेची 'असर' नावाची पाहणी २००५ पासून चालू आहे. जिल्ह्यातली तीस गावे, प्रत्येक गावातली वीस घरे, आणि मुलाच्या हातात एक कागद. आधी अक्षरे, मग शब्द, पहिलीचा उतारा, शेवटी दुसरीच्या पातळीची लहानशी गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत मी तसाच एक कागद घरी तयार करून भावापुढे धरला. अक्षरे आली. शब्द अडखळत आले. उताऱ्याच्या दुसऱ्या ओळीवर तो थांबला आणि माझ्याकडे बघून हसला. ते हसू मला सहन झाले नाही. गणिताचे तर नवलच. हातच्याची वजाबाकी कागदावर चुकली. पण गाडीत किती मोळ्या बसल्या, किती राहिल्या आणि उचल किती फिटली, हे तो तोंडी धाडधाड सांगतो. म्हणजे डोके ठीक आहे.

तो एकटा नाही. २०२४ च्या 'असर'मध्ये देशभरातल्या खेड्यांतील सरकारी शाळांत तिसरीची फक्त २३.४ टक्के मुले दुसरीचा मजकूर वाचू शकली. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ होते. दोन वर्षांत सात टक्क्यांची चढण झाली हेही खरे, आणि ती याच गुरुजी-बाईंनी चढवली. पण माझ्या भावाचे प्रगतिपत्रक काढून पाहा, सगळीकडे 'ब' आणि 'अ'. तेही मला त्या वहीसारखेच वाटते. वाचून कायम.

यावर उपाय म्हणून लहान शाळा बंद करा असे म्हणणारे पुष्कळ आहेत. २०२३ च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभ्या करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक. पानशेत आणि तोरणमाळ यांचे दाखले देण्यात आले. चांगली इमारत, गाडी, विषयाला शिक्षक, यांना मी नावे ठेवणार नाही. पण पट हा काय प्रकार आहे ते आमच्याकडे येऊन पाहावे. शिक्षकांची संख्या ठरवताना ३० सप्टेंबरचा पट धरतात. तेव्हा सगळी पोरे गावात असतात. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते आणि अर्धा वर्ग सातारा-सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात जातो. ज्यांना मागे ठेवायचे त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल आजी-आजोबांकडे राहते आणि समितीने त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय करायची. योजना अतिशय शहाणपणाची आहे. फक्त पोरे दिवाळीत मागे राहतात आणि पैसा कधीकधी संक्रांतीनंतर येतो. तेवढे दिवस आजी काय करते हे कोणत्याही तक्त्यात नाही. आणि हे वसतिगृह चालवणाऱ्या समितीतले निम्मे पालक स्वतःच उसात असतात!

याच व्यवस्थेत, याच पगारावर, चांगले काम झालेले आहे हे विसरून चालणार नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी मुले स्वतः शिकतात हे करून दाखवले. राज्यभरातले शिक्षक बसने तिथे जाऊन फरशीवर खडूने आखलेले तक्ते पाहून आले. सरकारने २२ जून २०१५ चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा निर्णय काढला, त्याच्या मागे हे काम होते. पुढे मात्र अनेक ठिकाणी फरशी रंगवली गेली आणि शिकवणे जुनेच राहिले, असे आमच्याकडचे शिक्षकच सांगतात.

माझे म्हणणे थोडेच आहे. महिन्याच्या सभेत दोन गोष्टी मोठ्याने वाचाव्यात. एक, शाळेला किती पैसे आले आणि कशावर गेले. दुसरी, कोणत्या वर्गातल्या किती मुलांना उतारा वाचता आला. नावे नकोत, आकडा पुरे. आणि तो शिक्षकाने न सांगता मुलांनी सभेतच वाचून दाखवावा. आईला ताळेबंद कळत नाही. पण मुलगा अडखळला की तिला कळते. मग ती विचारील, आणि गुरुजींना वर पत्र लिहायला बळ येईल. आज गुरुजी वरच्यांना भितात आणि आई गुरुजींचा मान राखते, म्हणून वही सुरळीत चालते.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची तक्रार होती. पाठ्यपुस्तकात हे वाचताना मला प्रथम फार बरे वाटले. मग ध्यानात आले की शिष्यवृत्तीवर उच्च शिक्षण घेणारी आता मी आहे आणि उतारा न येणारा माझा भाऊ आहे.

दिवाळीत हे सगळे मी आईला सांगितले. वही मी कशी लिहायची तेही सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तवा का नाही सांगितलंस, बाई? मी इचारलं असतं की."

यंदा भाऊ आजीजवळ राहिला आहे. वसतिगृहाच्या यादीत त्याचे नाव आहे. पहिला हप्ता आला की नाही हे विचारायला आई नाही, ती फडावर आहे. पुढच्या सभेला मी जाणार आहे. मी सदस्य नाही, बोलण्याचा मला हक्क नाही. पण इतिवृत्त लिहायला कुणीतरी लागेलच, आणि माझे अक्षर अजून बरे आहे.