मुलाच्या हाती त्याची स्वतःची वही द्या

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वसलेले गणेशपुरी हे गाव गरम पाण्याच्या कुंडांसाठी आणि नित्यानंदांच्या समाधीमंदिरासाठी दूरवर ओळखले जाते. गेल्या पावसाळ्यात दाखल्याच्या एका कामानिमित्त तेथील एका बौद्ध कुटुंबात जाण्याचा प्रसंग मला आला. तिसरीत शिकणाऱ्या मुलीने मोठ्या कौतुकाने आपली निबंधाची वही माझ्यापुढे ठेवली. विषय होता ‘माझे गाव’. अक्षर मोत्यासारखे होते. गावात कुंडे आहेत, मंदिर आहे, दुरून भाविक येतात, गाव मला फार आवडते, असे तीत लिहिले होते. शेजारचा मुलगा तिच्याच वर्गातला. त्याची वही पाहिली, तर तीतही तीच वाक्ये, त्याच क्रमाने. निबंध फळ्यावरून उतरवून घेतलेला होता. दोन दिवसांसाठी आलेल्या एखाद्या यात्रेकरूने लिहावा, तसा तो होता. लिहिणाऱ्या मुलीचे घर त्यात नव्हते आणि ती स्वतःही नव्हती.

मी तिला म्हणालो, “बाळ, तू स्वतः काय पाहिलेस, ते सांग.” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “आई देवळाबाहेर हार विकते. पण आम्ही देवळात जात नाही. मग आपण हार का करायचे?” आई ओशाळली. “वकीलसाहेब, लहान आहे हो ती,” असे मला म्हणून ती मुलीकडे वळली, “अगं, असलं काही लिहायचं नसतं.”

ह्या एका वाक्याने मला आज लेखणी उचलावयास लावले आहे. मुलाच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालणे हा शाळेचा दोष खरा. परंतु मुलाला स्वतःचे शब्द सुचले असता ते गिळावयास लावणे हा आपल्या घरातला दोष आहे. तो दूर करण्यास सरकारी हुकुमाची गरज नाही.

माझी सूचना साधी आहे. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलामुलीस शाळेच्या वह्यांखेरीज आणखी एक वही द्या. ती केवळ त्याची असावी. त्याने डोळ्यांनी काय पाहिले, कानांनी काय ऐकले, त्याच्या मनात कोणता प्रश्न आला, हे त्याने आपल्या शब्दांत तीत लिहावे.

ही गोष्ट तुम्हांस क्षुल्लक वाटेल. पण आपला इतिहास पाहा. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात मांगमहारांच्या दुःखाविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. तो लिहिणारी मुक्ता साळवे ही पुण्यात जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मुलगी होती. बाळंत होणाऱ्या गरीब स्त्रीच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते, हे तिने लिहिले. हे तिला कोणत्या फळ्यावर सापडले असते? तिने ते आपल्या वस्तीत पाहिले होते आणि तिच्या शाळेने तिला ते लिहू दिले. म्हणून तिचा शब्द आजही जिवंत आहे.

बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसणे, शिपाई नसेल तर तहानलेले राहणे, १९०१ साली वडिलांकडे जाताना मसूर स्थानकापासून बैलगाडीने केलेला तो पाण्यावाचूनचा प्रवास, हे सारे त्यांनी १९३५-३६च्या सुमारास लिहून ठेवले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. त्या प्रवासात किती मुले होती आणि रात्र कशी गेली, हे आपण आज सांगू शकतो, कारण सोसणाऱ्यानेच ते लिहिले. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी जे पहिले पाक्षिक काढले, त्याचे नाव ‘मूकनायक’ होते. मुक्यांना वाचा देणाऱ्या त्या चळवळीच्या घरांत आज मुलांना गप्प करावे काय?

तिसरे उदाहरण आपणांस अधिक बोचावे असे आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटे दुकान चालवीत आणि सवड काढून लिहीत. आपले लेखन त्यांनी सुमारे वीस वर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवले होते. त्यांचे ‘जिणं आमुचं’ पुढे १९८६ साली पुस्तकरूपाने आले. गावकुसाबाहेर ज्यांना बोलू दिले नाही, त्यांच्याच घरात एका बाईला आपली वही लपवावी लागली. आपल्या मुलीवर ती पाळी येऊ नये.

आता वकील ह्या नात्याने दोन शब्द सांगतो. साक्षीदाराने जे पाहिले म्हणून सांगावयाचे, ते त्याने स्वतः पाहिलेले असले पाहिजे. ऐकीव गोष्टीस न्यायालयात सहसा थारा नाही. घटनेच्या वेळी स्वतः लिहिलेले टिपण पाहून साक्षीदारास आपली स्मृती ताजी करता येते. १८७२च्या पुरावा कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी ही तत्त्वे कायम आहेत. ऐकीव ते केवळ ऐकीव म्हणून मानू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. जे मूल रोज चार ओळी पाहून लिहिते, ते ह्या शिकवणुकीचा पहिला धडा गिरवीत असते.

कायदाही ह्या बाबतीत तुमच्या बाजूस आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात मुलास भय व चिंता यांपासून मुक्त ठेवावे आणि आपली मते मोकळेपणाने मांडण्यास त्यास साहाय्य करावे, असे म्हटले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. त्या बैठकीस जा. आठवड्यातून एक तास मुलांनी फळा न पाहता लिहावे, अशी मागणी करा आणि ती इतिवृत्तात नोंदवून घ्या.

घरी काय करावे? पानाच्या डोक्यावर मुलाने तारीख घालावी व दहा मिनिटे लिहावे. पहिलीतले मूल चित्र काढील. ते जे सांगेल, ते मोठ्याने खाली लिहावे. ह्या वहीत तांबडी शाई चालवू नये. घरची बोली आली तर येऊ द्यावी. कोणी म्हणेल, आधी शुद्धलेखन सुधारू द्या. शुद्धलेखनासाठी शाळेची वही आहेच. ज्याला काही सांगावयाचे असते, ते मूल शब्द कसा लिहावा हे आपण होऊन विचारते. कोणी म्हणेल, आमच्या घरी वाचणारे कोणी नाही. मग मुलाने वाचावे व तुम्ही ऐकावे. आजीने दीक्षेची हकीकत सांगावी व नातवाने ती उतरून घ्यावी. १४ ऑक्टोबर १९५६ पाहिलेले डोळे आता फार थोडे उरले आहेत. पौर्णिमेस विहारात ज्या मुलास वाचावेसे वाटेल, त्याने एक पान वाचावे. जे पान त्याने दुमडून ठेवले असेल, ते उघडू नये.

एक सावधगिरीही सांगतो. मुलाने शाळेत मार खाल्ल्याचे किंवा जातीवरून हिणविल्याचे लिहिले, तर ते पान फाडू नका. तारखेसह जपून ठेवा आणि मुख्याध्यापकांस लेखी अर्ज द्या. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्यांस त्याच कायद्याच्या १७व्या कलमाने मनाई आहे. परंतु पुरावा गोळा करण्यासाठी म्हणून मुलाकडून वही भरवून घेऊ नका. तसे कराल, तर ती वही पुन्हा तुमची होईल.

आणि वहीत आपलेच व्यंग आले तर? बापाचे दारू पिणे येईल, फळीवर कापडाआड ठेवलेली जुनी मूर्ती येईल, विहारात एक आणि घरात दुसरे असे आपले वागणे येईल. खोटे न बोलण्याचे शील आपण मुलांकडून रोज म्हणवून घेतो. ते त्याने पाळले म्हणून त्यास दटावणार काय?

निघताना मी त्या माउलीस म्हणालो, “ताई, हार विकणे हे कष्टाचे काम आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पोरीने विचारले आहे, तर खरे उत्तर द्या. तेही तिला लिहू द्या.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मुलीला जवळ घेऊन म्हणाली, “तुझ्या शाळेसाठी करते गं.” मुलगी वही शोधावयास आत गेली.

बंधुभगिनींनो, ह्या पौर्णिमेस विहारात येताना एक कोरी वही विकत घ्या आणि मुलाच्या हाती द्या. पहिल्या पानावर त्याचे नाव त्यालाच लिहू द्या.

जय भीम!