क्लच, टर्बो आणि घरातली दोन माणसं

२०२३ च्या दिवाळीत साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीच्या चढावर पुढे उसाचा ट्रक. उजवीकडची लेन मोकळी दिसली म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला. आरपीएमचा काटा २५०० वरून झपकन ३५०० च्या पुढे गेला आणि गाडी? गाडी आहे तिथेच! इंजिन ओरडतंय, वेग वाढत नाही, डावीकडे ट्रकचं चाक आणि मागच्या सीटवर आई. गुपचूप पाय काढला आणि परत ट्रकच्या मागे गेलो. दोन मिनिटांनी तो ओळखीचा जळका वास आला. आई म्हणाली, "कुणीतरी कचरा जाळतंय वाटतं." मी म्हटलं, "हो ना."

कचरा नव्हता, माझी क्लच प्लेट होती.

गाडी म्हणजे २०१२ ची फियाट लिनिया टी-जेट. आपल्या रांजणगावची, १.४ लिटर टर्बो पेट्रोल, कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ११४ पीएस आणि २०७ न्यूटन-मीटर टॉर्क. सेकंडहँड घेतली आणि वर्षभरातच अस्मादिकांना खाज सुटली. रीमॅप करून घेतला. करणाऱ्याच्या म्हणण्यानुसार टॉर्क २६५ झाला. म्हणजे २८ टक्के वाढ आणि तीही एक नट न बदलता! सॉफ्टवेअरवाल्या माणसाला याहून मोठं सुख नाही. पण हार्डवेअर जुनंच होतं, हे सोयीस्करपणे विसरलो.

तर सांगायचा मुद्दा असा, की क्लचला हॉर्सपॉवर कळत नाही. त्याला कळतो तो टॉर्क. टर्बो गाडीत टॉर्क मधल्याच आरपीएमला एकदम येतो, त्यामुळे क्लच दमला की स्लिप दिसते ती रेडलाइनला नाही, तर वरच्या गिअरमध्ये चढावर पाय दाबल्यावर. सिग्नल ते सिग्नल चालवणाऱ्याला महिनोन् महिने पत्ता लागत नाही.

गॅरेजवाल्या काकांनी गिअरबॉक्स उतरवला. "साहेब, प्लेट संपलीये. तेल नाहीये पण, सील चांगलं आहे." हे आधी बघायलाच हवं. क्रँकच्या ऑइल सीलमधून तेल झिरपून प्लेटवर आलं, तर तुम्ही कितीही भारी क्लच टाका, तोही घसरणार.

आता खरा प्रश्न. कुठला टाकायचा?

मित्रमंडळींचं मत ठरलेलं: "एवढं उघडलंयस तर ५०० एनएमचा टाक, विषय संपव." मीही रात्री जागून स्टेज १, स्टेज २, स्टेज ३ वाचत बसलो. मंडळी, या स्टेजना काही सर्वमान्य प्रमाण नाही. एकाचा स्टेज २ म्हणजे दुसऱ्याचा स्टेज १. विचारायचा आकडा एकच: किती न्यूटन-मीटर, आणि तो कशाच्या जोरावर?

क्लच किती टॉर्क पेलणार, हा साधा गुणाकार आहे: प्रेशर प्लेटचा दाब, घर्षणांक, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजू. एका प्लेटला बाजू दोनच. त्रिज्या फ्लायव्हीलने ठरवून टाकलेली. उरले दाब आणि घर्षण. दाब वाढवला की पेडल जड होतं आणि क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवरही ताण येतो. घर्षण वाढवायला सिरॅमिकच्या टिकल्यांची प्लेट घेतली, की हाफ क्लच नावाची गोष्टच उरत नाही. एकतर सुटलेला, नाहीतर धाडकन पकडलेला. फ्लायव्हीलही लवकर झिजतं. ट्रॅकवर ठीक आहे हो, तिथे क्लच एकदा सोडला की सोडला. पण संध्याकाळी सहाला हिंजवडीतून बाहेर पडणाऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य हाफ क्लचवर जातं!

आणखी एक. जास्त भार आल्यावर घसरणारा क्लच एका अर्थी फ्यूज असतो. ५०० एनएमचा फ्यूज बसवला, की पुढचा झटका थेट गिअरबॉक्सला आणि ड्राइव्ह शाफ्टना. सर्व्हरवर लोड टेस्ट केलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे: बॉटलनेक नाहीसा होत नाही, पुढे सरकतो. आणि फियाटने २०१९ मध्ये भारतातली विक्री थांबवल्यावर या गाडीचा गिअरबॉक्स फोडून घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

तरीही खरं सांगतो, मी ५०० वालाच मागवणार होतो. थांबवलं बायकोने. आठवड्यातले दोन दिवस गाडी ती नेते. एका मित्राच्या गाडीत तसला क्लच होता, ती आम्ही दोघांनी चालवून पाहिली. तिसऱ्या सिग्नलला तिने गाडी बाजूला घेतली आणि गुडघा चोळत म्हणाली, "अरे, गाडी तुझ्या एकट्याची होणार असेल तर आत्ताच सांग. मी माझं बघते."

यावर काय बोलणार? घाटात आईसमोर खोटं बोललो होतोच, आता बायकोची गाडी काढून घ्यायला निघालो होतो. कशासाठी, तर वर्षातून दोनदा मारायच्या एका ओव्हरटेकसाठी.

शेवटी घेतला तो ३०० एनएमचा. ऑरगॅनिक प्लेट, मधे स्प्रिंगवालं हब, प्रेशर प्लेट किंचित कडक. सोबत रिलीज बेअरिंग नवं आणि फ्लायव्हीलला लेथवर फेसिंग. यात कंजुषी करू नका, सगळी मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते. (ड्युअल मास फ्लायव्हील असेल तर मात्र लेथ नको, आधी त्याचं खेळणं तपासून घ्या.) आणि सगळ्यात स्वस्त काम म्हणजे मॅपमध्ये मधल्या आरपीएमचा टॉर्क २४५ वर आणला. ३०० भागिले २४५, म्हणजे साधारण २२ टक्के मार्जिन. पहिले ८०० किलोमीटर गावातच, पाय न दाबता चालवली, प्लेट बसावी म्हणून.

माझं मत विचाराल तर रस्त्यावरच्या गाडीला सगळ्यात ताकदवान क्लच नको, पुरेसा हवा. आपला खरा टॉर्क, त्यावर पंधरा-वीस टक्के, बास. आणि तेवढ्यात भागत नसेल, तर आधी मॅप कमी करून बघा. वीस न्यूटन-मीटर गेले म्हणून कुणी रडलेलं मी पाहिलेलं नाही. मी स्वतः दोन दिवस रडलो, ते सोडा :)

परवा खंबाटकीत पुन्हा तसाच ट्रक भेटला. काटा चढला तसा वेगही चढला. गाडी बायको चालवत होती. मागून आई म्हणाली, "आज कचरा नाही जाळत वाटतं कुणी."

तिला तेव्हाच कळलं होतं तर!