वीस वॅटच्या उजेडातली कोथिंबीर

सोनईच्या शिवारात मुळा नदीच्या पाण्यावर उसाचे फड उभे आहेत, ऊन तर फुकटचंच. मग घरात दिवा लावून भाजी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर एप्रिल-मेच्या उन्हात सापडतं. त्या दिवसांत उघड्यावर कोथिंबीर धड उगवत नाही, उगवली तर करपते, आणि जुडीचा भाव चढतो. घरात सावली असते, पण नुसत्या सावलीत काय उगवतं ते नवरात्रातला घट दाखवतो: देवघरातलं धान नऊ दिवसांत लांबसडक वाढतं, पण पिवळं, कारण उजेडाशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही. त्या उजेडासाठी महागडा जांभळा दिवा मुळीच नको. विजेच्या दुकानातली 20 वॅटची साधी पांढरी एलईडी पट्टी पालेभाजीच्या एका ट्रेला पुरते. तिच्या उजेडात निळा आणि लाल दोन्ही असतात. मात्र ती छताला नको, रोपांच्या वर वीतभर अंतरावर टांगा. लांब गेली की उजेड विखरून वाया जातो. रोज 14 तास लावली तरी महिन्याला साडेआठ युनिटही होत नाहीत. मध्येच वीज गेली तर घाबरू नका, तासा-दोन तासांच्या अंधाराने रोपांचं बिघडत नाही. धने रगडून पेरा, मेथी पेरा, मोहरीचे कोवळे कोंब घ्या. टोमॅटो-मिरचीला फळं धरायला कितीतरी जास्त उजेड लागतो. त्यांची रोपं तेवढी या पट्टीखाली वाढवावीत आणि पाऊस झाला की परसात लावावीत.