कपाटातला खंड्या

मागच्या महिन्यात पेणच्या एका शाळेत आम्ही भाचीच्या दाखल्यासाठी गेलो होतो. रंगकाम चालू होते. व्हरांड्यात जुने काचेचे कपाट आडवे पडले होते आणि बाहेर कचऱ्यात भुसा भरलेला एक खंड्या पडला होता. पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली : ‘रोहा, कुंडलिका काठ, १९५६, नर’. शिपाईमामा म्हणाले, “कसर लागलीय, टाकायला सांगितलंय.”

कसर लागली होती हे खरे. पण धाटावचे कारखाने यायच्या आधीचा तो पक्षी होता. तेव्हाच्या कुंडलिकेतले मासे खाऊन त्याची पिसे वाढली होती. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकात संग्रहालयांतल्या जुन्या पक्ष्यांची पिसे तपासली, तेव्हाच कळले की बियाण्यांना लावायच्या औषधातला पारा पाखरांच्या अंगात केव्हापासून वाढला. पक्षी जमवणाऱ्यांच्या मनात पारा नव्हताच.

डॉ. सालिम अलींची गोष्ट आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखेना, म्हणून अमिरुद्दीन तय्यबजी मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. तिथे मिलार्डसाहेबांनी खण उघडून भरलेले पक्षी दाखवले आणि मुलाची वाट ठरली. पुढे नोकरी गेल्यावर ते इथे शेजारीच, अलिबाग तालुक्यातल्या किहीमला राहिले आणि १९३० मध्ये त्यांनी सुगरणीची घरटी अभ्यासली.

पण चिठ्ठीचे मोल कळते ते रानपिंगळ्यावरून. हे छोटे घुबड नामशेष झाले असे मानत. मोजकेच नमुने उरले होते. त्यांतला शेवटचा १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळाल्याचे कर्नल माइनर्त्सहागेन यांनी लिहून ठेवले होते. पामेला रासमुसेन बाईंनी तो बारकाईने तपासला. निघाली चोरी! जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला पक्षी उचलून, पुन्हा भरून, त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती. ती बाजूला ठेवून बाई आणि त्यांचे सोबती खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणी गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. पुढे तो ठाणे जिल्ह्यात तानसालाही सापडला. खोट्या चिठ्ठीने मात्र कितीजणांना भलत्याच रानात फिरवले असेल!

(आता मेलेला पक्षी सापडला तर घरी आणू नका, १९७२ च्या कायद्याने मनाई आहे. फोटो काढा, तारीख-जागा लिहा, वनखात्याला कळवा.)

मुख्याध्यापकांना भेटलो. ते भले गृहस्थ. त्यांनी कपाट परत आत घेतले आणि उरलेल्या नगांची यादी करायला एका शिक्षिकेला सांगितले. तोवर घंटागाडी येऊन गेली होती. घाईत शिपाईमामांनी सोडून दिलेली ती चिठ्ठी तेवढी आमच्या रोह्याच्या घरी आहे.