पंधरा वॉटांवर काय मिळतं?

हातात धरून खेळायचा पीसी चार्जरविना किती वेळ टिकेल, हे काढायला सहावीचं गणित पुरतं. बॅटरीची क्षमता वॉट-तासांत दिलेली असते. यंत्र जितके वॉट खातं, त्याने तिला भागायचं. वाल्व्हचा स्टीम डेक २०२२ साली आला तेव्हा त्यात ४० वॉट-तासांची बॅटरी होती. वर्षभराने असूसचा आरओजी अ‍ॅलाय आला, त्याचीही ४०चीच. डेकचा प्रोसेसर जास्तीत जास्त १५ वॉट घेतो. अ‍ॅलायचा टर्बोमध्ये बॅटरीवर २५ आणि चार्जर लावला की ३०. पडदा, पंखा, वायफाय यांचा खर्च वेगळा. जड गेम पूर्ण ताकदीने चालवला, तर डेक दीड तास जातो आणि अ‍ॅलाय तासाभरात मान टाकतो. पुण्याहून मुंबईच्या गाडीत बसलात, तर अ‍ॅलाय लोणावळ्याला संपेल आणि डेक कर्जतच्या आसपास.

हे सांगायचं कारण असं, की जाहिरातीतला वेग बहुतेक वेळा चार्जर लावलेल्या यंत्राचा असतो. हे यंत्र घेण्यामागचा हेतूच मुळी चार्जरपासून सुटण्याचा असतो. म्हणून माझ्या लेखी खरी तुलना एकच: बॅटरीवर, १५ वॉटांवर, आपल्याला खेळायचा आहे तो गेम सेकंदाला किती फ्रेम देतो.

या कसोटीवर कागदी आकडे पार बदलतात. अ‍ॅलायमधल्या झेड१ एक्स्ट्रीम चिपची ताकद ८.६ टेराफ्लॉप अशी जाहीर झाली होती, डेकची १.६. म्हणजे पाचपटीहून जास्त. प्रत्यक्ष खेळताना पाचपट फ्रेम कोणालाच मिळत नाहीत. एक तर नव्या पिढीच्या ग्राफिक्समध्ये एकाच वेळी दोन आकडेमोडी करायची सोय आहे आणि त्यामुळे कागदावरचा आकडा दुप्पट दिसतो. गेमला ती सोय क्वचितच पुरती वापरता येते. दुसरं कारण मेमरीचं. या यंत्रांत ग्राफिक्सला स्वतंत्र मेमरी नसते, प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच रॅमवर पाणी भरतात. पहिल्या डेकची रॅम सेकंदाला ८८ जीबी पुरवते, अ‍ॅलायची १०२. सोसायटीत नळ कितीही मोठा बसवला, तरी टाकीतून येणारा पाइप तेवढाच असेल तर बादली भरायला तेवढाच वेळ लागतो. त्यात १५ वॉटांवर आणलं की झेड१ एक्स्ट्रीमची आघाडी आणखी आक्रसते. २५च्या पुढे ती ठळक आहे, हे मान्य. पण तिथे वर काढलेलं बॅटरीचं गणित आडवं येतं.

पडद्याचाही हिशेब करा. डेकवर १२८० गुणिले ८०० म्हणजे सुमारे १० लाख ठिपके रंगवायचे असतात. अ‍ॅलायच्या १०८०पी पडद्यावर ते दुप्पट होतात आणि लेनोव्होच्या पहिल्या लीजन गोवर चौपट. सात-आठ इंचांच्या पडद्यावर एवढ्या बारकाव्याने डोळ्यांना फारसं काही मिळत नाही. लोक शेवटी सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन खाली आणतात, म्हणजे ज्या पडद्याचे पैसे मोजले तोच वापरत नाहीत.

आता थोडं मनातलं. डेकची मला सर्वांत भावलेली गोष्ट वेगाची नाही. पॉवरचं बटण दाबलं की गेम आहे तिथे थांबतो, पुन्हा दाबलं की काही सेकंदांत तिथूनच सुरू. नोकरी, घर, मुलं सांभाळून खेळणाऱ्या माणसाला सलग तीन तास मिळत नाहीत. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधला वेळ मिळतो. तो वेळ खेळण्यात जाणार की अ‍ॅलायसारख्या यंत्रांतलं विंडोज जागं होण्याची वाट पाहण्यात, यावर पैसे वसूल होणं अवलंबून आहे. लेनोव्होचा लीजन गो एस २०२५मध्ये विंडोज आणि डेकची लिनक्सवर बेतलेली स्टीमओएस अशा दोन्ही रूपांत आला. एकाच यंत्रावर दोन्ही घालून झालेल्या स्वतंत्र चाचण्यांत बहुतेक गेम स्टीमओएसवर जास्त वेगाने चालले. लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणाऱ्या प्रोटॉनचं हे यश मला आजही थक्क करतं. पण व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट हाच तुमचा गेम असेल, तर स्टीमओएस तुमच्यासाठी नाही. त्यांची फसवणूक रोखणारी यंत्रणा तिथे चालत नाही आणि त्यावर कसलीही मखलाशी करण्यात अर्थ नाही.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच. डेक वाल्व्ह भारतात अधिकृतपणे विकत नाही. अमेरिकेत ओएलईडी पडद्याचा डेक २०२३मध्ये ५४९ डॉलरला आला, तेव्हा किमतीच्या मानाने त्याच्या जवळ जाणारं काही नव्हतं. इथे तोच ग्रे मार्केटमधून घेतला की किंमत चढते आणि वॉरंटी उरत नाही. बाहेरून आणवलेल्या माझ्या एका यंत्राची (कंपनी कोणतीही असो) डावी स्टिक आठ महिन्यांत आपोआप सरकू लागली. विकणाऱ्याने हात वर केले. सुटा भाग मागवून बसवून घेण्यात दीड महिना गेला. लेनोव्होने लीजन गोमध्ये चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट स्टिक दिल्या, त्याचं मोल मला त्या दीड महिन्यात कळलं. तिथे भाग भागावर घासतच नाही.

अधिकृत दुकानात मिळणारा अ‍ॅलाय २०२३मध्ये ६९,९९० रुपयांना आला. दोन वर्षांनी एक्सबॉक्स अ‍ॅलायची जोडी आली, तेव्हा साधा सत्तर हजारांच्या घरात होता, एक्स लाखाच्या वर. साध्यात चार कोरची झेड२ ए चिप आहे, म्हणजे वंशावळीने डेकचीच जवळची नातलग. नवं नाव आणि १०८०पी पडदा पाहून भुलू नका. साध्याची जमेची बाजू ६० वॉट-तासांची बॅटरी. एक्सची ८०ची आहे, रॅम २४ जीबी आणि तिचा वेगही वाढवलेला. इथे टाकीचा पाइप खरोखर रुंद झाला आहे. पण लाखाच्या वर!

म्हणून आधी घरात बसून ठरवा. मुलगी किंवा मुलगा इंजिनीअरिंगला जाणार आहे, घरात एकच यंत्र परवडणार आहे, तर सत्तर हजारांत स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप घ्या. तो टेबलावर या सगळ्यांना मागे टाकतो आणि त्यावर ऑटोकॅडही चालतं. लॅपटॉप आधीच असेल आणि प्रवास खूप असेल, तर मी साध्या एक्सबॉक्स अ‍ॅलायवर न थांबता एक्सबॉक्सचं नाव लागण्याआधीच्या, ८० वॉट-तासांच्याच जुन्या अ‍ॅलाय एक्सचा शोध घेईन. सर्व्हिस सेंटर इथलंच आहे. परदेशातून कोणी सुट्टीला येणार असेल आणि दुरुस्तीची जोखीम पत्करायची तयारी असेल, तर ओएलईडी डेकच मागवीन.

दुकानात गेलात तर चार्जर काढायला सांगा. वॉटची मर्यादा १५वर आणा, आपला गेम लावा आणि फ्रेमचा आकडा पडद्यावर ठेवून वीस मिनिटं खेळा, कारण तापल्यावरचा वेग पहिल्या मिनिटातल्यासारखा राहतोच असं नाही. पहिला अ‍ॅलाय ६०८ ग्रॅमचा होता, पहिला लीजन गो ८५४. तो फरक विसाव्या मिनिटाला मनगटाला कळतो.